साहेबांचं पथ्य

...नाही, पण मला एक सांगा, कुत्र्याचं पोट बिघडलं म्हणून माणसांनी बिनमिठाचा भात का खायचा? सांगाच! पण आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो. आजोबांचा नियम आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा: ‘घरात एकाला पथ्य, तर सगळ्यांना पथ्य!’ का? तर आजाऱ्यासमोर चमचमीत खाणं म्हणजे निर्दयपणा. बरं, आजारी कोण? साहेब! साहेब म्हणजे आमचा कुत्रा हो. म्हातारा, लांब कानांचा, आणि बघतो असा की जणू आपण त्याच्याकडे रजा मागायला आलोय.

तर साहेबांनी शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घातलं आणि पुढे जे झालं ते मी सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उकडलेली कोंबडी आणि मऊ भात. मीठ नाही, तेल नाही, दुसरं काहीही नाही. वय झालंय त्याचं, नाही थांबलं तर दाखल करून सलाईन लावावं लागेल." मी घरी येऊन सांगितलं मात्र, आजोबा गरजले! अग्निशमन दलातून निवृत्त झालेत, नुसता टॉवेल मागितला तरी शेजारचे जिना उतरायला लागतात. "साहेब घरातला आहे की नाही? मग! एकाला पथ्य, तर सगळ्यांना पथ्य!"

"अहो आजोबा, पण..."

"पण नाही!"

बाबा ऑफिसात अख्ख्या मजल्याला झापतात, ते इथे टेबलाची कड बघत बसले. आई म्हणाली, "असू दे गं, मोठ्यांना उलट बोलू नये." आत्या म्हणाली, "तेवढंच वजन उतरेल." झालं! पांढऱ्या ताटात पांढरा भात, त्यावर पांढरी कोंबडी... ताट कुठे संपतं आणि जेवण कुठे सुरू होतं ते चाचपून बघावं लागायचं! आणि मी, कॉलेजात प्राध्यापकांना ‘कशावरून?’ विचारून हैराण करणारी मी, गिळत होते. म्हटलं, जाऊ दे, साहेब बरा होतोय ना!

कुठला बरा होतोय? मी फडकं घेऊन मागे, साहेब पुढे! डॉक्टरीणबाईंना फोन केला. "दुसरं काही खातोय का?" म्हटलं, "छे हो, आमच्या घरात माणसंसुद्धा खात नाहीत!" मग म्हणाल्या, "उद्या सकाळी आणा. दाखल करू." आणि साहेब माझ्या पायाशी पडलेला, नाक कोरडं, शेपटी हलवायची तरी आधी विचार करून... रडू आलं हो मला, तुम्हाला म्हणून सांगते.

संध्याकाळी सगळे पथ्याला बसलो. आजोबांचा चमचा हवेत, "संयम पाहिजे, संयम! एकाला पथ्य, तर..." आणि साहेब सतरंजीच्या बरोब्बर मध्यावर उभा राहिला, पोट आत ओढलं, हुप्प... हुप्प... आणि सगळं बाहेर!

भात असेल म्हणता? भात नावालाही नाही! सॉसेज, केक, खारे शेंगदाणे, आणि...

"अगंबाई, माझं चीज!" आत्या ओरडली आणि मग तिने जीभ चावली.

मग काय, एकेक जण फुटला! आत्या न्हाणीघरात नळ सोडून चीज खायची. बाबा साहेबांना फिरवायला न्यायचे, गाडीत बसून सॉसेज. आई वॉशिंग मशीनच्या मागे उभ्याउभ्या केक. आणि शेंगदाणे? सगळ्यांनी आजोबांच्या खिशाकडे बघितलं.

"पण त्याला का घातलंत?" मी किंचाळले.

आत्या म्हणते, "बघत होता गं! एक तुकडा दिला की गप्प बसतो." अगं, नाहीतर काय बोलणार होता का तो?

आणि आजोबा! आजोबा म्हणतात, "आजाऱ्यासमोर एकट्याने कसं खायचं? निर्दयपणा नाही का तो?"

संपलं. उठले मी. "आजपासून हा नियम बंद! मी पाळणार नाही. तुम्ही इथे बसून, दिवे लावून, मीठ घालून खा! पथ्य फक्त साहेबांना! आणि आजोबा, ‘पण नाही’!"

अग्निशमन दलाने चमचा खाली ठेवला! आईने मुकाट्याने मिठाची बाटली आणून टेबलावर ठेवली. मी साहेबांची वाटी धुतली, ताजा भात घातला, पुढ्यात ठेवला. त्याने हुंगला. माझ्याकडे बघितलं. माझ्या ताटाकडे बघितलं. तोंड लावेना! इतके दिवस सगळ्या घराने सवयच लावली ना, एकट्याने जेवायचंच नाही! शेवटी मी ताट आणि मिठाची बाटली घेऊन खाली सतरंजीशेजारी बसले आणि माझ्या भाताचा घास घेतला. त्यानेही घेतला. मी थांबले, तो थांबला. मी खाल्ला, त्याने खाल्ला.

आजोबा वाकले, आणि माझ्या ताटाशेजारची मिठाची बाटली... हळूच काढून घेतली.