नेस्ताचा वाफा

ग्लेनिस : आत जाऊन पडा बघू, इद्रिस. कालच हॉस्पिटलातून आलात. तोवर मी भिंतीकडेचा हा वाफा उपटून काढते.

इद्रिस : फावडं ठेव खाली. नेस्ताने लावलेला आहे तो.

ग्लेनिस : म्हणून काय विष जपायचं? स्वयंपाकघरात फरशीवर पडला होतात तुम्ही! आणि मला, शेजारणीलाच, विचारत होतात, “नेस्ता, सगळं पिवळं का दिसतंय गं?”

इद्रिस : असं म्हणालो मी?

ग्लेनिस : रुग्णवाहिका येईपर्यंत तेच. या फॉक्सग्लव्हच्या पानांचा चहा करून कुणी पितं का?

इद्रिस : मला वाटलं, कॉम्फ्रीचा पाला आहे. वसंत आला की ती त्याचा चहा करायची. फुलं नसली की दोन्ही सारखीच दिसतात गं. तशीच लांबट, लवदार.

ग्लेनिस : एवढा संसार केलात, बायको पाला कुठून तोडते ते एकदा तरी बघायचं!

इद्रिस : ती कप हातात द्यायची. मी प्यायचो.

ग्लेनिस : एक विचारू? रागावू नका. चुकूनच झालं ना हे?

इद्रिस : डॉक्टरीणबाईंनीही हेच विचारलं.

ग्लेनिस : मग?

इद्रिस : चुकूनच झालं. पण तू दार ठोठावत होतीस ना, ते ऐकू येत होतं मला. ओ द्यावीशी वाटेना.

ग्लेनिस : (फावडं भिंतीला टेकवून) सरका जरा. बसू दे मला.

इद्रिस : गेल्या उन्हाळ्यात बी टाकलं तिने. पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात. फुलं दुसऱ्या वर्षी, म्हणजे या जूनमध्ये. आणि ही बया नाताळाआधीच गेली.

ग्लेनिस : तिच्या अंत्यविधीला चॅपलमध्ये तुम्ही रडला नाहीत. गावभर चर्चा होती.

इद्रिस : लोक होते ना तेव्हा. आजूबाजूला लोक असले की जमतं.

ग्लेनिस : बरं, राहू दे वाफा. पण पाल्याला हात लावायचा नाही. आणि दाराला आतून कडी घालायची नाही.

इद्रिस : चोर आला तर?

ग्लेनिस : येऊ दे. तेवढीच तुम्हाला सोबत. चला, उठा आता, गारठा वाढलाय.

इद्रिस : बस ना अजून थोडी.

ग्लेनिस : का हो? घरात ऊब आहे, शेगडी पेटवून आलेय मी.

इद्रिस : ऊब आहे गं. पण सकाळी कप जिथे ठेवून जातो ना, संध्याकाळी तो तिथेच असतो.