तेलाची शिशी

लांजेवार सरनंच मारलं त्याले — दुसऱ्या कोनी नाई. दुर्बीन ठेवा खाली, भाऊ, या बागेत नवरंग आता नाई दिसत. मी कोन? मी अंकुश, धानोऱ्याकडला — समोरच्या कॉलेजात होतो, दुसऱ्या वर्षाले. त्या बांबूच्या बेटाखाली, सुकल्या पाल्यात, रोज सकाळी शिट्टी मारे तो. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल. वर्गात सांगतलं तं सर काय म्हनते? "नवरंग? अन् शहरात? अरे, खंड्या पाह्यला असशील तू!" सारा वर्ग हासला. पुस्तकात पाहून पाखरं शिकलेला मानूस — अन् मले सांगते! माझा लच्छू आजा नुसत्या आवाजावरून सांगे, कोनतं पाखरू कोनत्या झाडावर हाये.

मंग काय, आनला ना पुरावा! वडाचा चीक शिजवला, काड्यायले लावला, वरतं वाळवी टाकली — आजा पाखरं धराले करे तसंच. आजाचा नियमच होता, चिकाले हात लावाच्या आधी तेलाची शिशी खिशात. तेल अन् राख चोळली का चीक सुटते, पाखरू उडून जाते. जित्ता धरला, भाऊ! एक पाय अन् एक पंख चिकटला होता, बस. तसाच काडीसकट सरच्या टेबलावर ठेवला — म्हटलं, सर, आता बोला. तं सर आधी चष्मा पुसते, मंग पुस्तक काढते, मंग प्रिन्सिपलले बोलावते, मंग फोटोवाल्याले. "तुझं बरोबर होतं" — एवढं बोलाले जीव जाते का? पाखरू चोच वासून पाहून राह्यलं होतं. दुपारी गेलं. सरनं बरनीत घातलं, चिठ्ठीवर सोताचं नाव टाकलं — अन् मले म्हनते, पक्षी मारला म्हनून माफी लिहून दे! काऊन लिहू? नाई लिहिली. कॉलेज सोडून देल्लं.

आजाबी तसाच. सारं सांगतलं तं त्यानं एकच पुसलं — तेल नेलं होतं का? आता हे काय पुसनं झालं! नेलं होतं ना, खिशातच होतं! पन सर बोलल्याबिगर मी काऊन सोडू? हासले होते ना मले सारे — मंग काऊन सोडू मी?

असे काऊन पाहून राह्यले? उचला ती दुर्बीन, जा.

दोन वर्सं झाली. आजा माझ्याशी बोलत नाई.