मामाची खाज

खरजेला साधी समजू नका रे. माझ्या वडिवळ्याच्या मामाला झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळ्या घरानं अंगभर मलम लावलं. बाकीच्यांची खाज थांबली, मामाची काही थांबेना.

"ह्या मलमात दम न्हाई," म्हणत त्यानं गोठ्यातलं गोचीड मारायचं औषध घेतलं. मामी ओरडली, "अवो, ते जनावराचं हाय!"

"म्हशीला चालतंय, मग मला काय हुतंय?"

पाणी न घालताच त्यानं ते अंगाला चोळलं. थोड्या वेळात तोंडाला फेस आला. कामशेतला त्याच डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मामा गेला होता.

डॉक्टर हळहळले, "अहो, मलमानं खरूज गेलीच असणार. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहते."

मामी एवढंच म्हणाली, "मग मलम देताना का न्हाई बोलला?"