बिशप माधवराव आणि आरोपी अनुसूयाबाई

नाही, पण मी म्हणतो, एखाद्याला देहांताची शिक्षा सुनवायची हौस असते, असू दे, आपण कोण नको म्हणणारे... पण ती सुनवायला अख्ख्या श्रीवर्धन तालुक्यात या माणसाला स्वतःची बायकोच मिळावी? आणि तीही अनुसूयाबाईंसारखी? जिच्यापुढे दुसरा पापड मागायचा तर आमचे माधवराव आधी दोनदा घसा खाकरतात! तुम्हाला सांगतो, तिथं मी स्वतः हजर होतो. हजर म्हणजे काय, मी जाळ होतो. हसू नका! पोफळीच्या झावळीचं बूड, म्हणजे वाळलेली विरी, हातात घेऊन माइकसमोर चुरगाळायची, की अगदी चिता पेटल्यासारखा आवाज येतो. म्हणजे अनुसूयाबाईंना जाळायचं काम माझ्याकडे, आणि जाळायचा हुकूम माधवरावांकडे. आता बोला!

त्याचं असं झालं, की आमच्या बोर्ली पंचतनला एक छोटंसं रेडिओ केंद्र निघालं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, खिडक्यांना गोधड्या टांगल्यात, पंखा लावायचा नाही, कारण तो कुरकुरतो. पलीकडच्या चार गावांत ऐकू जातं, वारा बरा असला तर पाच. ते चालवते मृणाली. पनवेलची पोर, एवढीशी, पण डोक्यात कल्पना म्हणजे विचारू नका. म्हणाली, "काका, आपण नभोनाट्य करू या. जोन ऑफ आर्कवर."

आता ही जोन कोण? तर फ्रान्समधली शेतकऱ्याची पोर. सहाशे वर्षं होत आली. तिला म्हणे आवाज ऐकू यायचे, देवाघरचे, की ऊठ, लढायला जा. ही गेली! पुरुषाचे कपडे घालून, घोड्यावर बसून, सैन्य घेऊन. पुढे पकडली, बिशपनं खटला चालवला आणि बाजाराच्या चौकात जिवंत जाळली. मी विचारलं, "मृणाली, हे बोर्लीला कोण ऐकणार?" तर म्हणते, "काका, खटला कुणाला आवडत नाही?"

आणि खटला म्हटल्यावर माधवराव आलेच! आयुष्य कोर्टात गेलं हो त्यांचं. कारकून म्हणून. न्यायाधीशाच्या खुर्चीच्या बरोब्बर खाली त्यांची खुर्ची. वर निकाल व्हायचा आणि खाली हे लिहून घ्यायचे. एकदा, फक्त एकदा वरून बोलायची इच्छा होती त्यांची. मृणालीनं बिशपचं काम दिलं आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवसापासून हा माणूस सकाळी वाडीत शिंपणं करताना नारळांना शिक्षा सुनवायला लागला. "तुला अग्नीच्या स्वाधीन करण्यात यावे, असा आदेश हे न्यायासन देत आहे!" एका झाडाचा नारळ पडला म्हणे घाबरून. मी नाही, तेच सांगतात.

जोनचं काम होतं इराकडे. कॉलेजातली मुलगी, आवाज गोड. पण इरा गेली मावसभावाच्या हळदीला, तिथं डीजे, त्या डीजेच्या वर आवाज काढून रात्रभर गायली... आणि घसा बसला. असा बसला की जोन ऑफ आर्कऐवजी तिचा घोडा बोलतोय असं वाटावं.

मृणाली बिचारी रडवेली होऊन माधवरावांच्या घरी आली. ओटीवर बसली. एवढ्यात मागच्या वाडीतून आवाज आला, "उतर खाली! उतर म्हणते ना! सगळे उतरा!" शहाळ्यांवर माकडं आली होती. आणि अनुसूयाबाईंच्या त्या एका आवाजासरशी सगळी टोळी, पिल्लांसकट, मुकाट्यानं उतरून समुद्राच्या दिशेनं निघून गेली. मृणाली ताडकन उभी! "सर, हा आवाज कुणाचा?"

माधवराव बारीक आवाजात म्हणाले, "आमचा."

"सर, या आवाजावर सैन्य चालेल!"

"आमचं चाललंय ना," माधवराव म्हणाले.

आता जोन एकोणीस वर्षांची आणि अनुसूयाबाईंची साठी कधीच उलटलेली. गुडघ्याला पट्टा, चष्म्याला दोरी. पण मृणाली काय म्हणाली ठाऊक आहे? "रेडिओवर दिसतंय काय?" झालं! हेच ब्रह्मवाक्य. घोडा नाही? दोन करवंट्या आपट. रेडिओवर दिसतंय काय? उकडतंय म्हणून बिशप बनियनवर बसले? बसू देत, रेडिओवर दिसतंय काय!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. माधवराव तर आतून खूश. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलणार आणि बायको खाली मान घालून ऐकणार, मग ती रेडिओवर का असेना!

पण तालीम सुरू झाली नाही तोच अजेयचा फोन आला. अजेय म्हणजे मुलगा, खारघरला असतो. दुपारची जेवणं चाललेली, माधवरावांचे हात भाताचे, म्हणून कोपरानं दाबला तो फोन आणि स्पीकर चालू झाला. तिकडून अजेय: "बाबा, तुम्ही म्हणालात तसं मी शेजारच्या कान्हाशी बोललो. तो वाडी मक्त्यानं घ्यायला तयार आहे. तुमची खोली रंगवून ठेवतोय, दिवाळीनंतर दोघं इकडेच या. आईला सांगितलंत ना?"

आईच्या हातात आमटीचा डाव होता. तो तसाच.

तुम्हाला वाटेल, आता भांडण झालं असेल. भांडण परवडलं हो! अनुसूयाबाई एवढंच म्हणाल्या, "बरं." आमटी वाढली, आत गेल्या आणि अबोला सुरू.

आता माधवरावांची बाजूही ऐका, मी एकतर्फी नाही बोलणार. पावसाळ्यात हा माणूस वाडीतल्या पाटाच्या कडेला शेवाळावरून घसरला होता. पडला तो पोफळीच्या बुंध्याशी. उठता येईना. वर बघत पडून राहिला बराच वेळ, हाक मारायचीसुद्धा लाज वाटली. आणि पडल्या पडल्या त्याच्या मनात काय आलं? आज मी आहे, उद्या तिच्यावर अशी वेळ आली तर? मी घरात नसलो तर? तेव्हाच ठरवलं, खारघर. पण पडल्याचं सांगितलं नाही आणि ठरवल्याचंही सांगितलं नाही. अहो, सांगायचं ना!

तर अबोला. आणि तालीम तर रोज घरी करायची! म्हणजे काय व्हायचं बघा, दिवसभर घरात एक शब्द नाही, आणि संध्याकाळी चहा झाला की स्क्रिप्टचे कागद घेऊन दोघं समोरासमोर. त्यात जे छापलंय तेवढंच बोलायचं.

माधवराव: "आरोपी, तुला कुणाचे आवाज ऐकू येतात?"

अनुसूयाबाई: "जे माझ्याशी खरं बोलतात त्यांचे. तुमचा त्यात नाही."

माधवराव कागदात बघतात तर "तुमचा त्यात नाही" हे कुठंच नाही! बोलणार कुणाला? अबोला! मुकाट्यानं पुढचं वाक्य. "तू आमचा निर्णय मान्य का करत नाहीस?" तर बाई कागद खाली ठेवून म्हणतात, "कारण तो मला शेवटी कळला." हेही कागदात नाही! माधवराव माझ्याकडे येऊन म्हणतात, "अरे, ही नाटक बदलते आहे!" मी म्हटलं, "माधवराव, मी जाळ आहे, मी यात काय बोलू?"

रेकॉर्डिंगचा दिवस आला. खोलीत हा उकाडा, बाहेर दिवेआगरला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. बिशपनं "देवाच्या नावानं" म्हटलं की पों. जोननं देवदूताचं नाव घेतलं की पों पों. मृणाली दर वेळी कपाळाला हात लावून म्हणायची, "परत!" शेवटी तो मुख्य प्रसंग आला. बिशप धमकावतो, बाहेर चिता रचलेली दाखवतो, आणि जोन घाबरून म्हणते, "कबूल आहे मला." पुढे चार दिवसांनी ती शब्द परत घेते, मग जाळतात. पण आधी कबूल करते.

आणि इथं अनुसूयाबाई अडल्या! "मी हे म्हणणार नाही."

मृणाली म्हणाली, "काकू, इतिहासात आहे तसं."

"असेल. एवढी लढणारी बाई, ती कशाला कबूल करेल?"

"बाई कुठली काकू, एकोणीस वर्षांची मुलगी होती. एकटी. घाबरली."

अनुसूयाबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. म्हणाल्या, "एकोणीस. मी विसरलेच होते." त्यांचं लग्न होऊन त्या इथं आल्या तेव्हा विसाव्या वर्षात होत्या हो. कर्जतच्या पोरीनं समुद्रसुद्धा पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

"घे," त्या म्हणाल्या.

माधवरावांनी धमकी दिली. मी विरी चुरगाळली. आणि अनुसूयाबाई म्हणाल्या, "कबूल आहे मला."

तुम्हाला सांगतो... माझा हात थांबला. जाळ थांबला! एवढुसा आवाज. माकडं पळवणारी बाई ही नव्हेच. खोलीत जणू कुणीतरी पोर दाराआड उभं राहून बोललं.

आणि माधवरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कारण तो आवाज त्यांनी आधी ऐकलेला होता. तेव्हा शब्द फक्त वेगळा होता: "बरं." माणगावच्या शाळेत बाईंना नोकरी लागली होती, तेव्हा माधवरावांची आई अंथरुणाला खिळलेली. हे म्हणाले होते, "शाळेला 'नाही' म्हणून कळवून टाकतो मी." त्या म्हणाल्या, "बरं." अजेयला दहावीनंतर पुण्याला ठेवायचं ठरवलं, "बरं." परवा आमटी वाढताना, "बरं." गावाला वाटतं, घरात अनुसूयाबाईंचं राज्य. आहेच! पापडावर आहे, मिठावर आहे, माकडांवर आहे. पण मोठे निकाल? ते सगळे खाली मान घालून ऐकले होते तिनं. आणि हा शहाणा समजत होता की पहिल्यांदाच ऐकणार!

आता शिक्षा. ज्या वाक्यासाठी नारळ पाडले ते वाक्य. मृणालीनं बोट वर केलं. माधवराव उभे राहिले, छाती भरून घेतली... आणि कागद खाली घेतला. आणि मग एकदम बोलले, पण कागदातलं नाही. जे आयुष्यभर वरच्या खुर्चीवरून ऐकलं होतं ते. शिक्षा सुनवायच्या आधी न्यायाधीश आरोपीला विचारतो ना, ते.

"आरोपी... तुला काही सांगायचं आहे का?"

सहाशे वर्षांत त्या जोनला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे! अनुसूयाबाईंनी वर बघितलं.

"आता विचारता? सगळं ठरवून झाल्यावर?"

मृणालीनं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. रस्त्यावर एक हॉर्न नाही. माधवरावांनी कशीबशी शिक्षा वाचली, प्रत्येक शब्द अडखळत. मी विरी चुरगाळली, आणि एवढं सांगतो, बिशपच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी पुसलंही नाही. रेडिओवर दिसतंय काय!

घरी परतताना दोघं चालत निघाले. मी मागे, विऱ्यांचा भारा घेऊन. माधवराव म्हणाले, "अगं, मी वाडीत पडलो होतो. पावसाळ्यात."

"माहीत आहे."

"कसं?"

"लेंग्याला शेवाळ होतं. धुतला कुणी? महिनाभर वाट बघितली, सांगाल म्हणून. तुम्ही शिंपायला गेलात की मी मागच्या दारात उभी राहायचे. म्हणायचे, परत पडले तर ऐकू यायला हवं."

माधवराव थांबले. "मला भीती वाटली गं. तुझ्यासाठी."

"मग मला सांगायची ती! जिच्यासाठी वाटली तिला नाही सांगायची, आणि खारघरला सांगायची? विचारलं असतंत तर आलेही असते मी."

तेवढ्यात आली कसली दुर्बुद्धी म्हणा की सुबुद्धी, माधवराव तिथंच रस्त्यात तिच्यासमोर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं. "मग आता विचारतो. जायचं का आपण? तू नको म्हणालीस तर नाही जायचं."

अनुसूयाबाईंनी पदर खोचला. चालायला लागल्या. म्हणाल्या, "बघू."

पुढे ते नाटक लागलं. दुपारी लागलं, संध्याकाळी परत लागलं, लोकांनी फोन करून परत लावायला लावलं. आणि माधवरावांना बाजारात फिरणं मुश्कील! भाजीवाली मनुबाई त्यांना वांगी द्यायला तयार नाही. "तुमीच ना त्ये? त्या पोरीला जाळलंनीत! आदी विचारलंनीत, मंग जाळलंनीत! न्हाय, वांगी न्हाय तुमाला." माधवराव म्हणतात, "अगं, ती माझीच बायको!" तर मनुबाई अजूनच भडकली. "व्हय? म्हंजी घरचीच?" पिशवी रिकामी घेऊन परत आले.

अजेयचा रोज फोन. "बाबा, आई काय म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"म्हणजे काय?"

आता हे त्या पोराला कोण समजावणार! 'हो'चा अर्थ माणसाला कळतो, 'नाही'चा कळतो. 'बरं'चा अर्थ कळायला आमच्या माधवरावांना अख्खा जन्म लागला. आता हा नवीन शब्द आलाय. दिवाळी झाली. होळीही झाली. खारघरच्या खोलीचा रंग वाळला. कान्हा दोनदा येऊन विचारून गेला. अनुसूयाबाई सकाळी माकडं हाकलतात, दुपारी वाचनालयात जाऊन मृणालीशी गप्पा मारतात, आणि मजेत आहेत. माधवराव ओटीवर बसून सुपाऱ्या सोलतात. कुणी विचारलं, "काय माधवराव, काय ठरलं?" की मान हलवतात आणि म्हणतात,

"ती म्हणाली बघू... तर बघतोय."