बाबांच्या आवाजातली मंगलाष्टकं

एडिटिंगचं मले नका सांगू बे! मीडियाच्या कोर्सले होतो तेव्हा मी दोन व्हीसीआर जोडून कॅसेट एडिट करायचं शिकून राहिलो होतो. पहिलंच काम मिळालं, सेक्टर दोनमधल्या बोरकर काकांच्या पोरीच्या लग्नाचं. कॅसेट लावून पाहतो तर चित्र एकदम झकास, पण मंगलाष्टकांच्या वेळी माइकच बंद! मग आमच्या बाबांले घरी बसवून मंगलाष्टकं टेप केली आन् चित्रावर चढवली. काका कॅसेट न्यायले दारातच उभे होते, म्हणून पूर्ण ऐकायचं राहून गेलं.

बोरकरांकडे नवा जावई, पाहुणे, मी, सगळे टीव्हीसमोर बसलो. भटजी तोंड हलवून राहिले, बाबा गाऊन राहिले, कोणालेच शक नाही. ‘सावधान’ म्हणताच कुकरची शिटी वाजली आन् भटजींच्या तोंडून माझी आई ओरडली, “अहो, गाणं पुरे, आधी कुकर उतरवा!”

काका लालबुंद झाले. “हे काय करून ठेवलं बे? काढ ते!”

मी कॅसेट काढायले उठलो. तेवढ्यात जावई सासऱ्याले म्हणाला, “राहू द्या, मामाजी. सगळ्या मंत्रांत लग्नानंतर कामाले आला तो हाच एक.”