दोन फाटकांमधली वासरं

नाही नाही, चहा आधी संपवा तुम्ही – तुमच्या समितीचे प्रश्न कुठे पळून जात नाहीत. जनावरांच्या वाहतुकीचा कायदा कुठे कमी पडला, हेच विचारायला आलात ना? कमी? अहो, उलट झालं होतं आमच्या नाक्यावर. मी तिथे सीमेवर जनावरांची डॉक्टर, चार वर्षं, एकटी – एक टेबल, एक शिक्का, एक खिडकी. इकडून विकलेली जनावरं ट्रकमधून पलीकडे जायची, ती तपासायची आणि दाखला द्यायचा, एवढंच काम. आपला कायदा तासांवर फार बारीक लक्ष ठेवणारा – आठ तास झाले की जनावर उतरवा, पाणी पाजा, जरा टेकू द्या. पलीकडे तासांचं कुणाला काही नाही. मला वाटायचं, काय दगडाची माणसं आहेत! पण पलीकडच्या नाक्यावरचे म्हातारे डॉक्टर मला एकदा म्हणाले, बाई, दूधपितं, तीन महिन्यांच्या आतलं वासरू आईपासून तोडून विकणं आमच्याकडे गुन्हा आहे, तुमच्याकडे कसं काय चालतं? चालतं, म्हटलं. म्हणजे बघा, त्यांना आम्ही कसाई वाटायचो आणि आम्हाला ते.

तर भर उन्हाळ्यात एक ट्रक आला, एक्केचाळीस वासरं. दाखल्यावर वय तीन महिने – मालकाने सांगितलं ते मी लिहिलं, आता एवढ्या गर्दीत प्रत्येकाला कोण निरखून बघणार? शिक्का मारला, आमचं फाटक उघडलं, ट्रक गेला. पलीकडच्या डॉक्टरांनी ताडपत्री वर केली आणि पहिल्या नजरेत सांगितलं, ही दूधपिती आहेत, आमच्या कायद्यात बसत नाहीत, परत न्या. परत कुठे? आमचा नियम असा, की जनावर एकदा फाटकाबाहेर गेलं की रोगराईच्या भीतीने पुन्हा आत घ्यायचं नाही. झालं – दोन फाटकांच्या मध्ये दोनशे पावलांची जागा, झाड नाही की आडोसा नाही, तिथे तो ट्रक उभा. मी वर फोन केले, त्यांनी वर फोन केले, दोन्हीकडून एकच उत्तर, फाइल पाठवलीये. ड्रायव्हर चांगला धिप्पाड, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. तो माझ्या दारातल्या नळावरून दोन-दोन बादल्या पाणी न्यायचा. पण वासरांना बादलीत तोंड घालायचं कुठे माहीत होतं? मग तो पाण्यात बोटं बुडवायचा आणि एकेकाच्या तोंडात द्यायचा – एक्केचाळीस तोंडं, दोन हात. मी खिडकीतून बघायचे. समोर ते म्हातारे डॉक्टरही त्यांच्या खिडकीत. एकमेकांना दिसायचो, पण हात कुणी केला नाही. पहिला दिवस नुसता हंबरडा. दुसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या लक्षात आलं, की मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. पैलवान आला, रिकाम्या बादल्या दारात ठेवल्या आणि म्हणाला, “डॉक्टरबाई, आता पाणी नको.” एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

चौकशी झाली, नाही कशी? दोन्हीकडे. दोन्हीकडे एकच निष्कर्ष – सगळं नियमाप्रमाणे झालं. महिन्याभरात माझी घराजवळ बदली झाली. तो रेडिओ चालूच राहू द्या, बंद नका करू, मला घरात शांतता सोसत नाही. सुनेला वाटतं कान गेलेत माझे. तिचा माझ्यावर रागही आहे, बरं का – नात दोन महिन्यांची असताना तिने माझ्या मांडीवर दिली, आणि पोरीने माझं बोट धरून तोंडात घातलं. मी असा हात ओढला, की पोर मांडीवरून पडता पडता राहिली. सून काय समजायची ते समजली. आता तिला कसं सांगू, की ती ओढ मला ओळखीची होती – ती खरखरीत जीभ, ती गरम टाळू – ट्रकच्या फळ्यांमधून मी नुसता हात घातला, आणि त्या पांढऱ्या कपाळाच्या वासराने…

काय झालं? असं का बघताय?

हो. हात घातला होता मी. शिक्का मारायच्या आधी. बोट असं चोखणारं वासरू तीन महिन्यांचं नसतं, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. आणि दुसरं विचारायच्या आत मीच सांगते – परत घ्यायचं कलमही होतं. नाक्यावरच्या डॉक्टरच्या सहीने, स्वतःच्या जबाबदारीवर, वेगळ्या गोठ्यात ठेवायचं. चौकशीत मी म्हटलं, असं कलम माझ्या माहितीत नाही. पाठ होतं मला. पण वासरं परत आली असती तर वय उघडं पडलं असतं, माझा दाखला खोटा ठरला असता, आणि बदलीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडलेला. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता. तीन दिवस मी तोच हिशेब मनात करत बसले, आणि वासरं माझ्यासाठी थांबली नाहीत.

लिहा हे. तुमच्या बैठकीत वाचा, माझं नाव घेऊन वाचा. त्या पैलवानालाही कळवा, कुठे असेल तिथे. नाही, मला पाणी नको, काही नको. अहो, माझा हात सोडा. या आता तुम्ही.