ढोल का थांबतो

भाचा: आधी तोंडातले खिळे काढ, मामा. मग बोलू.

मामा: खिळे तोंडात ठेवूनच बोलतो मी. सोफे दुरुस्त करणाऱ्याचा जन्म असाच जातो. तू विचार.

भाचा: मघाशी तोंड रिकामं होतं. मी ढोलाचा विषय काढला आणि तू मूठभर कोंबलेस.

मामा: बरं बाबा. हे बघ, वाटीत थुंकले. आता बोल. हात मात्र चालू राहील. गिऱ्हाईक संध्याकाळी दारात येऊन उभं राहणार आहे.

भाचा: एकच विचारायचंय. रविवारी सामना आहे, त्याआधी मला कळलं पाहिजे. चेंडू माझ्याकडे आला की तू ढोल का थांबवतोस?

मामा: मी थांबवतो? कुणी डोक्यात भरवलं हे?

भाचा: कुणी नाही. कोचनी मला क्लबात बसवून घरच्या सामन्यांचं रेकॉर्डिंग दाखवलं. माझ्या चुका मोजायला. मध्येच ते चहाला गेले. मी स्क्रीनकडे पाठ केली आणि नुसता आवाज ऐकत बसलो. ढोल बंद पडला की मनात म्हणायचो, आता चेंडू डावीकडे, माझ्या पायात. वळून बघायचो, तर खरंच माझ्या पायात. एकदाही चुकलो नाही.

मामा: हात भरून येतात रे. वय झालं माझं.

भाचा: उजव्या बॅककडे चेंडू गेला की नाही भरून येत?

मामा: योगायोग असतात असे.

भाचा: मामा, आपल्या मैदानाचा रिवाज कुणी घातला? खेळ चालू तोवर ढोल चालू. थांबायचा तो फक्त कुणाला लागलं तर. सगळं गाव त्या ढोलावर नाचतं. तो थांबला की हजार माणसं एकदम गप्प होतात आणि माना उंच करून बघतात, कोण पडलं म्हणून. कोणी पडलेलं नसतं. चेंडू घेऊन मी उभा असतो. मग ते काय समजतात? ह्या पोराचं आता काहीतरी बिघडणार. मागून एक शिट्टी येते, मग दुसरी, आणि मग बिघडतंच.

मामा: लोकांचा मूड असतो तसा. हरायला लागलं की गाव कुरकुरणारच.

भाचा: परक्या मैदानावर लोक मला शिव्या घालतात. पार घरादाराचा उद्धार करतात. तिथे मी झक्कास खेळतो. आणि इथे, जिथे मला शाळेपासून ओळखतात, तिथे माझे पाय चिखलात रुतल्यासारखे होतात. कोच काल म्हणाले, "घरच्या मैदानावर तुझे पाय कोण बांधून ठेवतं?" मी म्हटलं, शोधतो.

मामा: आणि शोधत शोधत माझ्याकडे आलास. वा. लहानपणी ह्याच दुकानात कापसाच्या ढिगात झोपायचास, त्याचे पांग फेडतोयस.

भाचा: विषय बदलू नकोस. रविवारी हरलो तर संघ खालच्या गटात जाणार. आणि मी पुन्हा तसाच खेळलो, तर पुढच्या मोसमात माझ्या जागी टायरवाल्याचा मुलगा. कोचनी तोंडावर सांगितलंय.

मामा: टायरवाल्याचा? त्याला दोन्ही पाय डावेच आहेत का उजवेच, ते अजून त्याच्या बापालाही ठरवता आलेलं नाही.

भाचा: हसवू नकोस मला. त्या सोफ्यावर चादर का टाकलीयस?

मामा: धूळ बसू नये म्हणून.

भाचा: अख्ख्या दुकानात कापूस उडतोय, आणि धुळीची काळजी फक्त ह्या एका सोफ्याला?

मामा: महागाचं कापड आहे. हात लावू नकोस. अरे, हात लावू नकोस म्हटलं ना.

भाचा: हा टायरवाल्याच्या दुकानातला सोफा आहे. हा हाताच्या टेकूवरचा सिगारेटचा डाग मी ओळखतो. पंक्चर काढायला गेलो की ह्याच्यावरच बसतो.

मामा: गिऱ्हाईक आहे तो. गिऱ्हाइकाला नाही म्हणू?

भाचा: मग झाकून का ठेवलास?

मामा: तू असा भलताच अर्थ काढशील म्हणून.

भाचा: अजून एक. आधी तुझा ढोल स्टँडच्या मध्यावर असायचा, वरच्या रांगेत. सगळ्यांना दिसायचा. ह्या मोसमात तू तो खाली आणलास, डाव्या कोपऱ्यात. नेमका मी खेळतो त्या बाजूला.

मामा: गुडघे दुखतात. वर चढवत नाही.

भाचा: माळ्यावर चढून फोमच्या गाद्या उतरवतोस तेव्हा दुखत नाहीत?

मामा: तू पोलिसात का नाही गेलास? फुटबॉलमध्ये उगाच वेळ घालवतोयस.

भाचा: सरळ सांग. टायरवाल्यानं तुला काय सांगितलंय?

मामा: तोंड सांभाळ. मी तुझ्या आईचा भाऊ आहे.

भाचा: म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसरा कोणी असता तर मैदानावरच गचांडी धरली असती.

(आतल्या खोलीत मघापासून चालू असलेलं शिलाई मशीन थांबतं.)

मामा: हळू बोल.

भाचा: आत कोण आहे?

मामा: कोणी नाही. उशांच्या खोळी शिवायला एक बाई येते.

भाचा: मशीनवर आई होती. तिच्या पायाची लय मला झोपेत ओळखू येते. मी आलो तेव्हा तू तर म्हणालास, ती बाजारात गेलीय.

मामा: गेली होती. आली असेल मागच्या दारानं.

भाचा: मामा, तू आज सकाळपासून एक तरी गोष्ट खरी बोललायस का?

आई: त्याला कशाला धारेवर धरतोस? ढोल मी थांबवते.

मामा: ताई, तू आत जा. ठरलं होतं ना आपलं.

आई: ठरलं होतं ते हा तुझ्यावर असले आळ घेईपर्यंत. तू का ऐकून घेतोस रे सगळं? सोफ्याचं, टायरवाल्याचं. एक शब्द बोलला असतास तर संपलं असतं.

मामा: शब्द दिला होता तुला.

भाचा: थांबा. आई, तू ढोल थांबवतेस म्हणजे काय? काठ्या मामाच्या हातात असतात.

आई: मी त्याचं मनगट धरते.

मामा: धरत नाही, आवळते. हे बघ वळ. पुढचा सामना येईपर्यंत जात नाहीत. तुझी मामी विचारते, दुकानात कुणाशी मारामारी करतोस.

भाचा: पण कशासाठी?

आई: मला ऐकू यावं म्हणून.

भाचा: काय ऐकू यावं?

आई: गेल्या मोसमात तुझा पाय मोडला त्या दिवशी मी तुझ्यापासून किती लांब होते, आठवतंय? इथून त्या फळ्या ठेवल्यात ना, तिथपर्यंत. मध्ये फक्त जाळी. तू मला हाक मारलीस.

भाचा: मला नाही आठवत.

आई: मारलीस. तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं. आवाज आलाच नाही. समोरच्या टोकाला आपला गोल झाला होता, हा जीव खाऊन ढोल बडवत होता, लोक एकमेकांच्या अंगावर पडून नाचत होते. मला वाटलं, तूसुद्धा गोल झाला म्हणूनच ओरडतोयस. मी तुझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. तू मोडका पाय धरून पडलेला, आणि मी टाळ्या वाजवत होते रे.

मामा: ताई, पुरे.

आई: पुरे काय? त्यालाही कळू दे. तेव्हापासून चेंडू तुझ्याकडे आला की मला शांतता लागते. तू ओरडलास तर ते मला ऐकू आलं पाहिजे. दुसरं काही नको मला.

भाचा: अगं, पण समोर बघितलंस तरी कळेल की.

आई: मी बघत नाही. डोळे मिटून बसते.

भाचा: सबंध सामना?

आई: सबंध सामना.

भाचा: मग चेंडू माझ्याकडे आलाय हे तुला कसं कळतं?

मामा: मी सांगतो. मी नुसतं "आला" म्हणायचा अवकाश, की आवळलंच मनगट. म्हणून ढोल खाली आणला. ती पहिल्यांदा परत मैदानावर आली तेव्हा एकटीच बसली होती, आणि तू पळायला लागलास तशी घेरी येऊन बाकावरून घसरली. शेजारच्या बाईनं पाणी पाजलं. तुला सांगायचं नाही म्हणून मला गळ्याची शपथ घातली. मग मी काय करू? तिच्याजवळ येऊन बसलो.

भाचा: आणि घरी आल्यावर "छान खेळलास" म्हणतेस ते? मागच्या वेळी तर म्हणालीस, त्या उंच पोराला कसा गुंगारा दिलास.

आई: ते हा सांगतो. घरी येताना, रस्त्यात.

मामा: थोडं तिखटमीठ लावून.

भाचा: म्हणजे आल्यावर तू मला जे सांगायचीस, ते सगळं मामाचं. मला वाटायचं, निदान एका माणसाला तरी माझा खेळ आवडतोय.

आई: आवडतो रे.

भाचा: बघितलेलाच नाहीस तू.

आई: नाही बघितला. भीती वाटते मला. तुझ्या बाबांसमोर नाही म्हणत, तुझ्यासमोर नाही म्हणत, पण वाटते. डॉक्टर म्हणाले हाड पक्कं जुळलंय. म्हणू देत त्यांना.

भाचा: आई, इकडे बघ. ढोल थांबला की मला काय होतं, सांगू? मला वाटतं, मलाच काहीतरी झालंय. ह्या गावात ढोल दुसऱ्या कशासाठी थांबतच नाही ना. मी खाली माझ्या पायाकडे बघतो. चेंडूकडे नाही, पायाकडे. जुळलेल्या हाडाकडे. तेवढ्यात समोरचा येतो आणि चेंडू काढून नेतो. लोकांना वाटतं, मी घाबरलो. खरं म्हणजे घाबरतोच मी. पण ढोल थांबल्यावर. आधी नाही.

आई: म्हणजे मी तुझे पाय बांधून ठेवले.

भाचा: मी तसं नाही म्हटलं.

आई: कोच म्हणाले ना तुझे. मी आत ऐकलं. ठीक आहे. रविवारी मी येत नाही. घरी बसते.

मामा: घरी बसून कुणाचं मनगट आवळशील? भावोजींचं? त्यांना आधीच संधिवात आहे.

भाचा: तू आली नाहीस तर मी सारखा त्या रिकाम्या बाकाकडे बघेन. ते आणखी वाईट.

आई: मग मी करू तरी काय? तुला येऊ नको म्हणता येत नाही, ये म्हणता येत नाही.

भाचा: मला विचार करू दे. मामा, ती शिट्टी कोण मारतं? पहिली. आईच्या मागच्या बाजूनं येते.

मामा: टायरवाला मारतो. दोन बोटं तोंडात घालून. बघतो मी दर वेळी.

भाचा: आणि तरी तू त्याचा सोफा करून देतोयस?

मामा: करून देतोय की. फक्त तो नेहमी कुठल्या कोपऱ्यात बसतो, ते आधी विचारून घेतलं. तिथली स्प्रिंग मी अगदी मन लावून बसवलीय.

आई: धाकट्या, लाज नाही वाटत? धंद्याचं नाव घालवशील.

मामा: धंद्याचं नाव भाच्यापेक्षा मोठं नाही.

भाचा: मी मघाशी काय काय बोललो तुला.

मामा: बोललास. गचांडी धरणार होतास. ते जाऊ दे. माझ्या मनगटाचा काय निकाल लावतोस ते सांग.

भाचा: तुझ्या ढोलाला काठ्या किती?

मामा: दोन. हे काय विचारणं झालं?

भाचा: एक आईला दे.

आई: मला? वेडा झालास का? मला कुठे वाजवता येतं?

भाचा: मशीन चालवतेस तेव्हा तुझा पाय कसा पडतो, ते ऐकलंय मी. लहानपणापासून त्याच्यावरच झोपलोय. तेवढंच वाजव. ताल मामा सांभाळेल.

मामा: एका काठीवर मी? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा एक हात गेला.

भाचा: म्हणू देत. तिचा हात काठीवर असला की तुझ्या मनगटावर येणार नाही.

आई: आणि डोळे?

भाचा: डोळे मिटून वाजवलंस तरी चालेल. पण मामानं "आला" म्हटलं, की थांबायचं नाही. जोरात वाजवायचं. मला कळू दे की माझा पाय धड आहे.

आई: असं कसं जमेल मला? हात आपोआप थांबतो रे.

भाचा: नाही जमलं तर नाही जमलं. मी हरेन, संघ खाली जाईल, टायरवाल्याचा मुलगा खेळेल. पण तू वाजवत होतीस, एवढं मला ठाऊक असेल.

मामा: ताई, ही घे काठी. जरा जड आहे. अशी नाही, मधोमध धर. ह्या गादीवर मारून बघ.

आई: अशी?

मामा: अजून जोरात. गादीला लागत नाही.

आई: एक मात्र आत्ताच सांगते. तू खरंच पडलास, तर मी थांबणार. मग कोणी मला वाजव म्हणायचं नाही.

भाचा: मी पडलो तर थांब, आई.